वारुळातले पाहुणे : दख्खनच्या वाळवीचा आणि तिच्या सोबत्यांचा अभ्यास

वाळवीच्या वारुळात वाळवीखेरीज इतर कीटकांचीही वस्ती असते. भुंगेरे, बिनपंखी माश्या, कसरीच्या जातीचे किडे आणि इतर कितीतरी लहान जीव तिथे राहतात. वाळवीने खपून बांधलेल्या घरात ते मुक्काम करतात, तिच्या कोठारातले खातात आणि पुष्कळदा तिच्या तोंडचा घासही घेतात. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण त्यांना तंतोतंत लागू पडते. कीटकशास्त्रात त्यांना टर्मिटोफाइल, म्हणजे वाळवीसोबती कीटक म्हणतात. त्यांत सर्वांत मोठा भरणा रोव्ह बीटल या आखूड पंखांच्या भुंगेऱ्यांचा आहे. त्यांच्या अभ्यासातले एक महत्त्वाचे प्रकरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंतच्या काळात महाराष्ट्रात घडले. नगर जिल्ह्यातले वळण, घाटमाथ्यावरचे खंडाळा आणि मुंबई ही त्याची मुख्य ठिकाणे होत.

हा अभ्यास याच भागापुरता का राहिला, हे इथल्या भूगोलावरून कळते. हरिश्चंद्रगडाकडून निघालेली बालाघाटाची रांग नगर जिल्ह्यातून पुढे बीडमध्ये शिरते. बीड शहराच्या दक्षिणेला, मांजरसुंब्याच्या बाजूला, याच रांगेत कपिलधार आहे. पावसाळ्यातला धबधबा, मन्मथस्वामींची समाधी आणि कार्तिकी पौर्णिमेची यात्रा यांसाठी हे स्थान प्रसिद्ध आहे. इथले माळ, बांध आणि झाडोरा नगरच्या बाजूसारखाच असला, तरी १९०० च्या सुमारास दोन्हींच्या मध्ये राज्याची हद्द होती. नगर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होते, तर बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात. वाळवीचे नमुने गोळा करणारे लोक मुंबई इलाख्यातल्या मिशनांमध्ये आणि महाविद्यालयांत काम करत होते. त्यामुळे त्या काळच्या नोंदींत हद्दीच्या पश्चिमेकडचीच गावे दिसतात. वाळवीला मात्र ही हद्द नव्हती. दख्खनच्या पठारावर सर्वत्र तिच्या त्याच त्या जाती आढळतात.

यजमान आणि पाहुणे

वाळवीला मराठवाडा-वऱ्हाडाकडे उधई असेही म्हणतात. शेताच्या बांधावर किंवा माळावर दिसणारी, नागपंचमीला पुजली जाणारी मातीची वारुळे बहुधा ओडोंटोटर्मीस या प्रजातीच्या वाळवीची असतात. ओडोंटोटर्मीस ओबेसस या जातीचे वारूळ उंच, कंगोऱ्यांचे आणि वरून बंद असते, तर ओडोंटोटर्मीस वॉलोनेन्सिस या जातीच्या वारुळाला धुरांड्यासारखी उघडी तोंडे असतात. आत राजा-राणीची खोली, पिल्लांच्या खोल्या आणि बुरशीच्या बागा असतात. कामकरी वाळव्या वाळलेला काडीकचरा खाऊन त्याच्या विष्ठेचे पोळ्यासारखे सच्छिद्र गोळे रचतात आणि त्यांवर टर्मिटोमायसीस ही बुरशी वाढवतात. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी आणि आवडीने खाल्ली जाणारी अळंबी याच बुरशीची असते. आतली हवा दमट, तापमान बरेचसे स्थिर आणि अन्न बारमाही. बाहेर उन्हाळ्यात माळ भाजून निघत असताना आतला कारभार सुरळीत चालू असतो. अशा घरात शिरकाव मिळाला की कीटकाची मोठी सोय होते.

मात्र हा शिरकाव सोपा नसतो. वारुळातले आंधळे रहिवासी एकमेकांना वासाने आणि स्पर्शाने ओळखतात. परक्या वासाच्या जिवावर शिपाई वाळव्या तुटून पडतात. तेव्हा पाहुण्याला चावता येणार नाही असे अंग हवे, नाहीतर घरच्या माणसाचा वास हवा. वाळवीसोबती कीटकांत या दोन्ही तऱ्हा आढळतात. काहींचे शरीर पुढून रुंद आणि घुमटासारखे, मागे निमुळते असते. डोके आणि पाय त्या ढालीखाली दडलेले असतात. पालथ्या वाटीला जसे दातांत धरता येत नाही, तसेच यांचे होते. काहींचे पोट फुगून अंगाच्या कित्येक पट मोठे होते, पंख गळतात किंवा उरतच नाहीत, आणि वाळव्या त्यांना चाटतात व भरवतात.

रोव्ह बीटल या जीवनाला आधीपासूनच योग्य होते. स्टॅफिलिनिडी या त्यांच्या कुळात ६० हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. भुंगेऱ्यांत एवढे मोठे कुळ दुसरे नाही. यांचे वरचे कडक पंख इतके तोकडे असतात की पोटाचा बहुतेक भाग उघडाच राहतो. पोट त्यामुळे लवचीक असते आणि विंचवासारखे वर वळते. अनेक जातींत पोटाच्या वरच्या बाजूला एक ग्रंथी असते आणि तिच्यातून शत्रूला दूर ठेवणारी रसायने सोडता येतात. पालापाचोळ्यात, शेणात आणि बुरशीवर लहान किडे खाऊन राहणाऱ्या या भुंगेऱ्यांच्या वाटेत मुंग्या आणि वाळव्या सतत येत असतात. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा काळा-केशरी पीडेरस हा याच कुळातला. अंगावर चिरडला की त्याच्या रसाने फोड येतात. वारुळातले त्याचे भाऊबंद मात्र निरुपद्रवी असतात.

पहिल्या नोंदी

भारतातल्या वाळवीचा शास्त्रीय वृत्तांत प्रथम लिहिला तो योहान गेरहार्ड क्योनिग यांनी. लिनियसचे हे शिष्य दक्षिण भारतातल्या ट्रँकेबार या डॅनिश वसाहतीत वैद्य होते. तंजावर भागातली वारुळे खणून त्यांनी केलेले वर्णन १७७९ साली बर्लिनमध्ये छापले गेले, आणि वारुळातल्या बुरशीकडेही त्यांचे लक्ष गेले होते. दोनच वर्षांनी, १७८१ मध्ये, हेन्री स्मीथमन यांनी आफ्रिकेतल्या वाळवीवरचा आपला गाजलेला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीला सादर केला. या दोघांचा विषय यजमान होता.

पाहुण्यांचा खरा परिचय १८५० च्या दशकात झाला. ब्राझीलमधल्या वाळवीच्या घरट्यांत सापडलेल्या दोन विचित्र रोव्ह बीटलांचे वर्णन योर्गेन श्योटे या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने केले. त्यांना त्यांनी कोरोटोका आणि स्पिराख्था ही नावे दिली. त्यांची फुगलेली पोटे पाठीवर वळलेली होती आणि ते अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देत. भुंगेऱ्यांत ही गोष्ट इतकी विरळा होती की युरोपातल्या अभ्यासकांची नजर वाळवीच्या घरट्यांकडे वळली.

वासमान

या विषयाला शास्त्राचे रूप दिले ते एरिख वासमान यांनी. १८५९ साली टिरोलमधल्या मेरान इथे जन्मलेले वासमान जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू होते. फुफ्फुसांच्या आजारामुळे त्यांना दूरचा प्रवास झेपत नसे. त्यांचे बहुतेक आयुष्य हॉलंड आणि लक्झेंबर्गमधल्या जेझुइट मठांत गेले. घरी बसून जगभरची वारुळे अभ्यासायची तर नमुने पाठवणारे हात हवेत. ते त्यांना आपल्या संघातच मिळाले. जेझुइट मिशनरी आफ्रिका, ब्राझील, श्रीलंका आणि भारत इथे पसरलेले होते, आणि टपालाने काचेच्या नळ्या युरोपला पोहोचू लागल्या.

१८९४ मध्ये वासमान यांनी मुंग्या आणि वाळवी यांच्या सोबत्यांची चिकित्सक यादी बर्लिनहून प्रसिद्ध केली. एकट्या मुंग्यांसोबत राहणारे १,२४६ प्रकारचे जीव तीत होते. पाहुण्यांचे त्यांनी मुख्य तीन वर्ग केले. पहिला, यजमान ज्यांच्यावर हल्ला करतो असे शत्रू. दुसरा, ज्यांच्याकडे यजमान दुर्लक्ष करतो असे सोशीक शेजारी. तिसरा, ज्यांना यजमान चाटतो, भरवतो, सांभाळतो असे ‘खरे पाहुणे’. या तिसऱ्या नात्याला त्यांनी सिंफिली म्हटले. यजमानांमध्ये पाहुण्यांना पाळण्याची एक खास उपजत प्रवृत्ती विकसित झालेली असते, असे त्यांचे मत होते.

वळण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई आणि पुणे भागातले कॅथलिक मिशन जर्मन जेझुइटांकडे होते. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली सुरू झाले, आणि नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत मिशनची ठाणी उभी राहिली. राहुरी तालुक्यातले वळण हे त्यांपैकी एक. जुन्या जर्मन कागदपत्रांत हे नाव ‘वॉलोन’ असे झाले आहे. तिथले फादर जे. बी. हाइम यांनी आसपासची वारुळे आणि मुंग्यांची बिळे उकरून वासमान यांना नमुने पाठवले. तो काळ दुष्काळाचा होता. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी नगर जिल्हा होरपळून निघाला. हाइम यांच्या संग्रहावर आधारलेले निबंध याच वर्षांच्या आगेमागे युरोपात छापले गेले.

१८९९ मध्ये वासमान यांनी भारतातल्या नव्या मुंगीसोबती आणि वाळवीसोबती कीटकांवर निबंध लिहिला. टर्मिटोडिस्कस हाइमी हा रोव्ह बीटल त्याच वर्षी जगासमोर आला. लांबी दोन मिलिमीटरांहून कमी, अंग गोलसर आणि घुमटाकार, डोके ढालीखाली झाकलेले. बचावाच्या त्या पालथ्या वाटीच्या तऱ्हेचा हा चोख नमुना होता. प्रजाती नवी असल्याने तिचे नावही नवे ठेवावे लागले, आणि पुढे या घडणीच्या भुंगेऱ्यांच्या साऱ्या गटाला टर्मिटोडिस्कसवरूनच नाव मिळाले.

पाहुण्यांबरोबर यजमानही नळीत येत. त्यामुळे वासमान यांना भुंगेऱ्यांइतकेच वाळवीचेही वर्गीकरण करावे लागले. १९०२ मध्ये त्यांनी वाल्टर हॉर्न यांनी श्रीलंकेत १८९९ साली केलेला संग्रह आणि भारतातले इतर साहित्य एकत्र घेऊन एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. ओडोंटोटर्मीस वॉलोनेन्सिस या जातीला त्यात वळण गावाचे नाव मिळाले. लाकूड पोखरणाऱ्या कॉप्टोटर्मीस हाइमी या वाळवीला हाइम यांचे नाव मिळाले. दक्षिण भारतातल्या शेतांत वॉलोनेन्सिस आणि घरांच्या तुळयांत हाइमी आजही नुकसान करतात. त्यामुळे शेतकी आणि बांधकामाच्या पुस्तकांत ही नावे नेहमी येतात. राहुरी तालुक्यातले एक गाव अशा रीतीने साऱ्या द्वीपकल्पातल्या वाळवीच्या नावात जाऊन बसले.

खंडाळा आणि मुंबई

हाइम यांच्यानंतरचे महत्त्वाचे नाव योजेफ आस्मुथ यांचे. १८७१ साली जन्मलेले आस्मुथ सेंट झेवियर्स कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुंबई, खंडाळा, गुजरात आणि बंगळूर इथली वाळवी त्यांनी गोळा केली. हाइम यांचे काम नमुने पाठवण्याचे होते. आस्मुथ स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली काम करणारे होते. त्यांचा संग्रह स्वीडनचे नील्स होल्मग्रेन यांनी तपासला, आणि होल्मग्रेन यांचे निबंध १९१२ आणि १९१३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले. मायक्रोटर्मीस ओबेसी आणि ओडोंटोटर्मीस आस्मुथी या जाती त्यांतल्याच. त्याच नियतकालिकात १९१३ आणि १९१५ मध्ये आस्मुथ यांनी लाकूड खाणाऱ्या वाळवीवर लिहिले. युरोपातल्या मठांत वाचले जाणारे शास्त्र इथे प्रथमच मुंबईतल्या वाचकाच्या कामाचे झाले.

फितूर भुंगेरा

वासमान यांच्या हाती आलेल्या भारतीय नमुन्यांतून एक मोठा वाद उभा राहिला. आफ्रिकेत लष्करी मुंग्यांसोबत डोरिलोक्सेनस नावाचे रोव्ह बीटल राहतात. त्यांची पावले खुरटलेली असून मुंग्यांच्या अंगाला चिकटून बसण्याच्या कामाची झाली आहेत, असे वासमान यांचे म्हणणे होते. भारतातल्या वाळवीच्या वारुळांतून आलेल्या नळ्यांत याच प्रजातीचे भुंगेरे निघाले. वाळवीच्या घरात तशा पावलांचे काय काम, असा प्रश्न त्यांना पडला. भारतातही डोरिलस मुंग्या जमिनीखालून फिरतात आणि वाळवीवर धाडी घालतात. तेव्हा या धाडींतून मुंग्यांचे पाहुणे वारुळात आले आणि तिथेच राहिले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९०४ मध्ये एका जातीचे नाव त्यांनी ट्रान्सफुगा ठेवले. या लॅटिन शब्दाचा अर्थ फितूर, शत्रूच्या गोटात गेलेला. डिस्कोक्सेनस ही वारुळातली दुसरी प्रजाती अशाच पूर्वजांपासून आणखी बदलत गेली असावी, असेही त्यांनी मांडले.

जाती बदलतात याचा असा पुरावा एका धर्मगुरूने मांडावा, हे त्या काळी नवल होते. वासमान यांनी कीटकांची उत्क्रांती मान्य केली. मात्र माणसाचा आत्मा तिच्या कक्षेत येत नाही, असे ते ठामपणे सांगत. त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्यावर नाराज होते. उत्क्रांतिवादाचे जर्मन पुढारी एर्न्स्ट हेकेल यांनी १९०५ मध्ये बर्लिनच्या व्याख्यानांत त्यांच्यावर टीका केली. फेब्रुवारी १९०७ मध्ये वासमान स्वतः बर्लिनला गेले. तिथे त्यांनी व्याख्याने दिली आणि लुडविग प्लाटे यांच्यासह अनेक विरोधकांशी जाहीर चर्चा केली. इकडे मुंबईत आस्मुथ यांनी अर्नेस्ट हल यांच्यासोबत हेकेल यांच्या विरोधात पुस्तक लिहिले. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले.

माशीचे कोडे

वारुळातल्या पाहुण्यांत टर्मिटॉक्सेनिया ही माशी सर्वांत वादग्रस्त ठरली. १९०० मध्ये वासमान यांनी तिचे वर्णन केले, आणि भारतातल्या जातीला टर्मिटॉक्सेनिया हाइमी असे नाव दिले. या माशीला उडता येत नाही, तिचे पोट फुगलेले असते आणि पंखांच्या जागी खुंट उरतात. वासमान यांना मिळालेल्या नमुन्यांत नर सापडत नव्हते आणि अळ्याही दिसत नव्हत्या. शरीराचे पातळ छेद घेऊन तपासल्यावर त्यांनी दोन अनुमाने काढली. एक, प्रत्येक माशी नर आणि मादी दोन्ही असते. दुसरे, अळी आणि कोष या अवस्था न होताच अंड्यातून तयार माशी बाहेर पडते. माश्यांच्या साऱ्या वर्गात असे दुसरे उदाहरण नव्हते.

आस्मुथ यांनी त्यांच्याच नावाच्या टर्मिटॉक्सेनिया आस्मुथी या जातीच्या शरीररचनेचा तपशीलवार अभ्यास केला. तो १९१३ साली जर्मनीतल्या हाले इथून प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास इतर शास्त्रज्ञांनी उभयलिंगी असण्याची कल्पना नाकारायला सुरुवात केली. १९३० च्या दशकात जावातल्या अभ्यासाने दुसरे अनुमान निकालात निघाले. अळी असते, पण ती अंड्यातून बाहेर पडताच अगदी थोड्या वेळात कोषात जाते, म्हणून कोणाला दिसली नव्हती. पहिल्या अनुमानाचा शेवट व्हायला १९९२ साल उजाडले. त्या वर्षी हेन्री डिस्नी आणि जेफ्री कमिंग यांनी दाखवले की या माश्यांचे पंखवाले नर वेगळ्या उपकुळात नोंदले गेले होते. तोवर निराळी समजली जाणारी अलामिरिनी हे माश्यांचे उपकुळ म्हणजे याच बिनपंखी माद्यांचे नवरे होते. वारूळ खणणाऱ्याच्या हाती फक्त माद्या लागत होत्या. माद्याही सुरुवातीला पंखवाल्याच असतात आणि वारुळात आल्यावर पंख टाकतात.

युद्धानंतर

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने भारतातल्या जर्मन जेझुइटांना स्थानबद्ध केले आणि बहुतेकांना मायदेशी पाठवले. मुंबई इलाख्यातल्या अभ्यासाची ही साखळी तिथेच तुटली. आस्मुथ पुढे न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९५४ मध्ये वारले. वासमान १९३१ मध्ये हॉलंडमधल्या फाल्केनबुर्ख इथे निवर्तले.

भारतातल्या रोव्ह बीटलांची व्यवस्थित नोंद माल्कम कॅमेरन यांनी केली. ते एकेकाळचे नौदलातले वैद्य होते आणि त्यांनी डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत काम केले. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतले त्यांचे खंड १९३० ते १९३९ या काळात निघाले. १९५७ मध्ये चार्ल्स सीव्हर्स यांनी जगभरच्या वाळवीसोबती रोव्ह बीटलांवर ग्रंथ लिहिला. कॅलिफोर्नियातले डेव्हिड किस्टनर यांनी १९५८ मध्ये डोरिलोक्सेनसच्या गटाचा फेरआढावा घेतला, आणि १९७५ मध्ये त्यांनी ‘सोशिओबायॉलॉजी’ हे नियतकालिक सुरू केले. यजमान वाळवीचे भारतातले काम एम. एल. रुणवाल आणि ओ. बी. छोटानी यांनी हाती घेतले. त्यांच्या ‘फॉना ऑफ इंडिया’ मधल्या खंडांत (१९८९ आणि १९९७) वासमान आणि होल्मग्रेन यांच्या जुन्या जातींची फेरतपासणी झाली.

वासमान यांच्या विचारांपैकी काय टिकले आणि काय नाही हे गेल्या शंभर वर्षांत स्पष्ट झाले. पाहुण्यांना पाळण्याची खास उपजत प्रवृत्ती ही कल्पना अमेरिकेचे विल्यम मॉर्टन व्हीलर यांनी मोडून काढली. १९१८ मध्ये त्यांनी ट्रोफॅलॅक्सिस ही संज्ञा मांडली. मुंग्या आणि वाळव्या एकमेकांत सतत अन्नाची देवाणघेवाण करतात आणि पाहुणे त्या व्यवहारात हात मारतात, असे त्यांनी दाखवले. दिसण्यातल्या साम्यावरून नाते जोडण्याची वासमान यांची रीतही एकटी पुरेशी नाही. २०१७ मध्ये मुनेतोशी मारुयामा आणि जोसेफ पार्कर यांनी डीएनए तपासून सांगितले की लष्करी मुंग्यांसोबत राहणाऱ्या रोव्ह बीटलांत मुंगीसारखे शरीर किमान बारा वेळा स्वतंत्रपणे घडले आहे. सारखे रूप म्हणजे एकच वंश असे नसते. पाहुण्यांच्या जाती नव्या राहणीला जुळवून घेत बदलतात, हा वासमान यांचा मूळ मुद्दा मात्र खरा ठरला. या नात्याचे वयही खूप मोठे निघाले. म्यानमारमधल्या सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत क्रेटोट्रायकोप्सेनियस हा घुमटाकार अंगाचा रोव्ह बीटल सापडला, आणि त्याचे वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. टर्मिटोडिस्कससारखी बचावाची ढाल तेव्हाच तयार झालेली होती.

हाइम आणि आस्मुथ यांच्या काळच्या नळ्यांत यजमान आणि पाहुणा एकत्र होते, आणि सोबत गावाचे नाव होते. अनुमाने चुकली, नावे बदलली, उपकुळे रद्द झाली. तरी कोणता भुंगेरा कुठे, कोणत्या वाळवीसोबत राहत होता ही माहिती शंभर वर्षांनंतरही तपासता आली, ती याच शिस्तीमुळे. आज बालाघाटात नगरच्या बाजूला असो की कपिलधारच्या डोंगरात, वारूळ तपासायचे तर पहिला नियम हाच आहे. राणीच्या खोलीपासून बुरशीच्या बागेपर्यंत पाहुणे कुठे आढळले ते नोंदवावे, सोबत शिपाई वाळव्या ठेवाव्यात, कारण वाळवीची जात बहुधा शिपायावरूनच ओळखता येते, आणि चिठ्ठीवर गाव व तारीख लिहावी. वासमान यांचा संग्रह आज हॉलंडमधल्या मास्ट्रिक्ट इथल्या निसर्ग इतिहास संग्रहालयात आहे.